उसापासून विघटनशील प्लास्टिक: सोलापुरात छोटं युनिट टाकायचं असेल तर

गाळप संपला की, म्हणजे मार्च-एप्रिलात, आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडवर एक ठरलेली जोडी येते. वडील ऊस उत्पादक, मुलगा इंजिनिअरिंग झालेला. खुर्चीवर बसायच्या आधीच वडील म्हणतात, "ऊस घरचाच आहे ओ, फक्त प्लास्टिक कसं करायचं तेवढं सांगा." मग मी चहा सांगतो, कारण हे बोलणं तासाभराच्या खाली आटपत नाही. तेच इथं लिहून ठेवतोय. २०१८ पर्यंत मी साध्या एचएमच्या, म्हणजे कडक, कुरकुर वाजणाऱ्या पॉलिथिनच्या, पिशव्या काढायचो. राज्यात प्लास्टिकबंदी आल्यावर कंपोस्टेबलकडं, म्हणजे कंपोस्ट खतात कुजणाऱ्या पिशव्यांकडं, वळलो आणि पहिली दोन वर्षं निव्वळ चुका करण्यात गेली.

१. साखळी समजून घ्या, मग आपली कडी ठरवा

उसापासून जे विघटनशील प्लास्टिक होतं त्यात बाजारात सगळ्यात जास्त चालणारं म्हणजे पीएलए, पॉलिलॅक्टिक अॅसिड. ते कसं होतं हे कळायला घरात दही लावता येत असलं तरी पुरे. दही आंबट होतं ते लॅक्टिक आम्लामुळं, आणि ते तयार करणाऱ्या जिवाणूंचेच भाऊबंद उसाची साखर खाऊन मोठ्या टाक्यांत लॅक्टिक आम्ल देतात. आम्ल साचलं की जिवाणू त्यातच मरायला लागतात, म्हणून टाकीत चुना घालून आंबटपणा आटोक्यात ठेवतात. पुढं गंधकाम्ल घालून आम्ल सोडवून घेतात. या जुन्या पद्धतीत जेवढं आम्ल मिळतं, जवळपास तेवढंच जिप्सम खाली पडतं. टनभर आम्लामागं टनभर जिप्सम कुठं टाकणार, हा प्रश्न वहीत मांडून बघा, निम्मा उत्साह तिथंच उतरतो.

मग ते आम्ल शुद्ध करायचं, त्याचे दोन-दोन रेणू जोडून लॅक्टाइड नावाचं कडं बनवायचं आणि ती कडी उघडून एकमेकांत ओवत लांब साखळी करायची. ती साखळी म्हणजे पीएलए, पांढरट दाण्याच्या रूपात. एक किलो दाण्याला साधारण दीड किलोच्या वर साखर जाते. टनभर उसातून शंभर किलोच्या आसपास साखर धरली, तर साठ-पासष्ट किलो दाणा.

हे काम शेडमध्ये होत नाही. थायलंडमध्ये रायोंगला उसाच्या साखरेवर चालणारा पीएलएचा कारखाना वर्षाला ७५,००० टनांचा आहे. आपल्या जवळ जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजनं २०२४ मध्ये याचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं, आणि उत्तर प्रदेशात कुंभीला बलरामपूर चिनी मिल्सनं मोठा प्रकल्प हाती घेतलाय. ही आकडेमोड कारखानदारांची. आपल्या जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने आहेत, त्यातला एखादा उद्या यात उतरला तर फारच उत्तम. तोवर तुमचा ऊस कारखान्यालाच जाऊ द्या. तुमची कडी शेवटची: तयार दाणा विकत घ्यायचा, त्याची फिल्म काढायची, पिशवी करायची.

मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतो. उसाचा रस, मक्याचं पीठ, ग्लिसरीन घालून शिजवायचं, ताटलीत पसरायचं, वाळलं की 'प्लास्टिक' तयार. तो पापड आहे. शाळेच्या प्रदर्शनाला ठीक.

२. तीन शब्दांची गल्लत करू नका

गिऱ्हाईक, अधिकारी, बँकवाला, तिघंही हे शब्द एकाच अर्थानं वापरतात. तुम्ही वापरू नका.

'उसापासूनचं' म्हणजे कच्चा माल कुठून आला एवढंच. ब्राझीलमध्ये ब्रास्केम कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनवते. दाणा उसाचा, पण पिशवी साध्या पॉलिथिनसारखीच वर्षानुवर्षं टिकणारी. कुजायचं नाव नाही. त्याचा दाणा कुणी तुम्हाला 'ग्रीन आहे, उसाचा आहे' म्हणून दाखवला तर तो खोटं बोलत नसतो, तुम्ही चुकीचं समजत असता.

'विघटनशील' हा सगळ्यात सैल शब्द. कधी, कुठं, किती दिवसांत, काहीच सांगत नाही. साध्या प्लास्टिकमध्ये एक पूड घालून 'आता हे विघटनशील झालं' म्हणणारे विक्रेते अजून फिरतात. त्या पिशवीचे उन्हात तुकडे होतात, तुकड्यांचं काही होत नाही.

'कंपोस्टेबल' याला मोजमाप आहे: आयएस/आयएसओ १७०८८. साधारण ५८ अंश तापमानाच्या कंपोस्टमध्ये १२ आठवड्यांत पिशवीचा एवढा भुगा व्हायला हवा की २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त उरणार नाही. १८० दिवसांत त्यातल्या कार्बनचं ९० टक्के वायूत रूपांतर व्हायला हवं. जड धातूंना मर्यादा आहे, आणि त्या कंपोस्टमध्ये बी उगवायलाही हवं. आपलं काम या तिसऱ्या शब्दाचं.

इथंच एक कबुली देतो, कारण ती मला कुणी आधी दिली नव्हती. निव्वळ पीएलएची फिल्म कडक, कुरकुरीत, दुमडली की तडकते. म्हणून पिशवीच्या दाण्यात पीबीएटी नावाचं मऊ पॉलिमर मोठ्या प्रमाणात असतं. ते कंपोस्टेबल आहे, पण सहसा खनिज तेलापासून बनतं. म्हणजे बाजारातल्या बऱ्याच 'उसाच्या' पिशव्यांत उसाचा वाटा निम्म्याहूनही कमी. पिशवीवर उसाचं चित्र छापायचा मोह होतो. मी छापत नाही.

बगॅसच्या ताट-वाट्या हा वेगळा धंदा. तो चिपाडाचा लगदा, कागदाच्या घराण्यातला. त्याचं यंत्र वेगळं, कागदपत्रं वेगळी. दोन्ही एका शेडमध्ये सुरू करू नका.

३. काय बनवायचं ते कायदा वाचून ठरवा

नवखे इथंच सगळ्यात महाग फसतात. केंद्राच्या नियमांत कंपोस्टेबल पिशवीला जाडीची अट नाही. साध्या कॅरीबॅगला ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉन लागते, कंपोस्टेबलला ती लागू नाही. हे वाचून लोक थेट कॅरीबॅगचं मशीन घेतात.

पण आपण महाराष्ट्रात आहोत. राज्याची २३ मार्च २०१८ ची अधिसूचना केंद्रापेक्षा कडक. तिनं हँडलच्या आणि बिनहँडलच्या पिशव्या बंद केल्या आणि कंपोस्टेबलला सूट दिली ती रोपवाटिका, फळबाग, शेती आणि घनकचरा हाताळणी यांच्यासाठी. पुढं २०२२ मध्ये प्रमाणपत्र असलेल्या कंपोस्टेबल ताटं, पेले, स्ट्रॉ अशा वस्तूंना वाट मोकळी झाली. दंड पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. यंत्राला आगाऊ रक्कम द्यायच्या आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापुरातल्या कार्यालयात जाऊन तुमच्या नेमक्या वस्तूबद्दल आजचा मजकूर हातात घ्या. 'चालतंय की, सगळे करतात' हे तोंडी उत्तर फाइलला लावता येत नाही.

मी कचऱ्याच्या पिशव्या आणि रोपांच्या पिशव्या धरल्या. कचऱ्याच्या पिशवीत शिकायला सोपं: छपाई कमी, दिसणं दुय्यम, जाडी थोडी इकडंतिकडं झाली तरी सांभाळून घेता येतं. रोपांच्या पिशवीनं मात्र धडा शिकवला. सांगोल्याकडच्या एका डाळिंब नर्सरीला मी पातळ पिशवी दिली. तीन महिन्यांनी फोन: "साहेब, रोप विकायच्या आधी पिशवीच गेली की ओ." ओल्या मातीत, उन्हात ती तिचं काम करत होती. रोप किती दिवस पिशवीत राहणार ते विचारल्याशिवाय आता मी जाडी सांगत नाही.

४. कागदपत्रं

क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढचा कागद मागच्यावर अडतो.

- आधार, पॅन, बँक खातं. भागीदारी असेल तर नोंदवलेला करार
- जागेचा कागद: एमआयडीसीचं वाटपपत्र किंवा नोंदणीकृत भाडेकरार. भाड्याची शेड असेल तर मूळ भूखंडधारकाला पोटभाड्याची परवानगी आहे का ते बघा
- उद्यम नोंदणी. ही ऑनलाइन आणि फुकट आहे, हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाला नमस्कार करा
- जीएसटी नोंदणी
- प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची संमती, आणि यंत्र बसल्यावर चालवण्याची संमती. दोन्ही वेगवेगळ्या
- महावितरणचं थ्री-फेज कनेक्शन, मंजूर भारासह
- कच्च्या मालाच्या पुरवठादाराचं प्रमाणपत्र आणि खरेदीची बिलं
- तुमच्या तयार पिशवीचा आयएस/आयएसओ १७०८८ चा चाचणी अहवाल, सिपेट या केंद्राच्या प्लास्टिक संस्थेसारख्या मान्य प्रयोगशाळेचा
- केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र. याच्याशिवाय एक पिशवीही विकता येत नाही
- उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, म्हणजे ईपीआरची नोंदणी. कंपोस्टेबल पिशव्या चौथ्या वर्गात येतात

सापळा चाचणीत आहे. चाचणी स्वतःच सहा महिन्यांपर्यंत चालते. तुमचं यंत्र बसलेलं, कामगार ठेवलेला, बँकेचा हप्ता सुरू, आणि विकायला परवानगी नाही. कर्ज घेताना परतफेडीला सवलतीचा काळ लेखी मागून घ्या. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, दोन्हींत उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. प्रकल्प अहवालात हे रिकामे महिने दाखवा आणि जिल्हा उद्योग केंद्रात तसंच सांगा. माझ्या पहिल्या अहवालात पहिल्या महिन्यापासून विक्री दाखवली होती. ज्यानं अहवाल करून दिला त्याचा तो साचाच होता.

नमुना देताना सर्वात जाड पिशवी द्या. जाड उतरली तर त्याच मालाची पातळ उतरतेच, उलटं होत नाही.

५. यंत्र

दाणा वितळवून फिल्म फुग्यासारखी फुगवायचं एक्स्ट्रुडर, फुग्याभोवती हवा मारून तो थंड करणारी एअर रिंग, फिल्म गुंडाळणारा वाइंडर आणि कटिंग-सीलिंग मशीन. याशिवाय ड्रायर, मायक्रॉन गेज आणि चांगला वजनकाटा. जुनं मशीन घेतलं तरी चालतं, पण एचएमचं आहे की एलडीचं, म्हणजे मऊ पॉलिथिनचं, ते विचारा. एचएमच्या फुग्याला लांब मान काढतात, वर जाऊन तो फुगतो. कंपोस्टेबल दाण्याचा फुगा एलडीसारखा डायपासूनच, म्हणजे वितळलेला माल बाहेर पडतो त्या तोंडापासूनच, रुंद होतो. एचएमची अरुंद डाय, वेगळा स्क्रू, यावर तो नीट बसत नाही. मी सहा महिने बसवायचा प्रयत्न केला आणि शेवटी डाय बदलली.

६. दाणा घेताना

साध्या पॉलिथिनच्या दोन-तीन पट भाव धरून चला. तयार मिश्रण, म्हणजे कंपाउंड, घ्या. पीएलए आणि पीबीएटी वेगळे आणून स्वतः मिसळायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. रंग हवा असेल तर रंगाचा मास्टरबॅचही कंपोस्टेबल पायावरचाच हवा. मास्टरबॅच म्हणजे रंग कशाततरी मुरवलेला दाणा, आणि साध्या मास्टरबॅचमध्ये ते 'कशाततरी' पॉलिथिन असतं. न कुजणारा कुठलाही एक घटक एक टक्क्याच्या वर गेला की चाचणीत अडकलात. माझा पहिला हिरवा रोल याच एका कारणानं भंगारात गेला.

७. वाळवण

सगळं विसरलात तरी हे विसरू नका. पॉलिथिनला पाण्याशी देणंघेणं नसतं. पीएलए आणि पीबीएटी हवेतला ओलावा ओढतात, आणि तो ओलावा गरम बॅरलमध्ये, म्हणजे एक्स्ट्रुडरच्या नळीत, गेला की त्यांची लांब साखळी तोडत सुटतो. बाहेर येणारं प्लास्टिक पातळ, ताकद गेलेलं.

मला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. जुलैची रिपरिप होती, आदल्या दिवशी फोडलेली दाण्याची पिशवी तोंड उघडीच राहिली होती. सकाळी आमच्या ऑपरेटरनं, जो वीस वर्षं एचएम चालवलेला माणूस, हॉपर, म्हणजे दाणा ओतायचं नरसाळं, भरला. फुगा वर चढला आणि त्याच्यावर बारीक बारीक फोड, मध्येच डोळ्यांएवढी भोकं. "मालक, फुग्याला देवी आल्या बघा." आम्ही तापमान वाढवलं, स्क्रूचा वेग कमी केला, जाळी बदलली. दुपारपर्यंत ४० किलो माल वाया. मग पुरवठादाराला फोन लावला तर त्यानं एकच प्रश्न विचारला: दाणा वाळवला होता का?

तर असं करा. दाण्याची थैली फिल्म काढायच्या दिवशीच फोडा. उरलेला दाणा त्याच आतल्या पन्नीत घट्ट बांधून ठेवा. हॉपरमध्ये जायच्या आधी ड्रायरमध्ये तीन-चार तास, कंपाउंडला ६० ते ७० अंशांत. नेमका आकडा पुरवठादाराच्या कागदावर असतो, तोच पाळा. जास्त गरम केलं तर दाणे एकमेकांना चिकटून ड्रायरमध्येच ढेप होते, गुळासारखी. शक्यतो कोरडी हवा देणारा ड्रायर घ्या. साधा गरम हवेचा ड्रायर सोलापूरच्या उन्हाळ्यात भागवतो, पावसाळ्यात तो ओली हवाच गरम करून देतो.

८. फुगा बसवणं

बॅरलचं तापमान साधारण १४० ते १६५ अंशांत. एचएमवर हात बसलेले ऑपरेटर सवयीनं दोनशेकडं नेतात, मग धूर, पिवळेपणा आणि आंबट वास. मशीन सुरू करताना आधी एलडीनं बॅरल धुऊन घ्या, नंतर कंपोस्टेबल दाणा सोडा. फिल्ममधून एलडी पूर्ण निघून जाईपर्यंतचा माल वेगळा टाका. बंद करतानाही तसंच. दाणा गरम बॅरलमध्ये उभा राहिला तर जळतो, त्यामुळं वीज गेली की पहिलं काम हीटर बंद करणं, आणि वीज आली की आतला माल आधी बाहेर काढणं. आमच्याकडं हे भिंतीवर खडूनं लिहिलंय.

एप्रिल-मे मध्ये दुपारी मशीन चालवू नका. हे कुठल्याच माहितीपत्रकात नाही. एअर रिंगमध्ये जी हवा जाते ती शेडमधलीच, आणि आपल्याकडं ती दुपारी ४२-४३ अंशांची. फुगा थंडच होत नाही, वरच्या रोलरमध्ये त्याच्या दोन्ही बाजू चिकटून एक होतात, पिशवीचं तोंड उघडत नाही. आम्ही उन्हाळ्यात रात्री दहा ते सकाळी आठ चालवतो.

कडेची कात्रण थोडी पुन्हा वापरता येते, तीही वाळवून. पण एचएमच्या भंगाराशेजारी ती ठेवू नका. दिसायला सारखीच दिसते. आमच्याकडं कंपोस्टेबलच्या गोण्यांना लाल नाडी असते.

९. स्वतः तपासा, दुसऱ्याचंही तपासा

काचेचा ग्लासभर पाणी घ्या. पिशवीचा नखाएवढा तुकडा कापा, बोटानं पाण्यात दाबून त्याच्यावरचे बुडबुडे घालवा आणि सोडा. पीएलए-पीबीएटी पाण्यापेक्षा जड, घनता १.२४-१.२५ च्या आसपास, तुकडा तळाला जातो. पॉलिथिन हलकं, वर येतं. नव्या पेठेतल्या एका दुकानात 'कंपोस्टेबल' छापलेली पिशवी मी अशीच चहावाल्याच्या ग्लासात तरंगताना बघितली. दुकानदार म्हणाला, "छापलंय की त्याच्यावर."

मात्र या खेळावर पूर्ण विसंबू नका. पॉलिथिनमध्ये कॅल्शियमची पूड भरपूर घातली की तेही बुडतं. दुसरी युक्ती म्हणजे जाळून बघणं: पॉलिथिनचा मेणबत्तीसारखा वास येतो. शेवटचा शब्द प्रयोगशाळेचाच.

कुजण्याची खात्री करायला मी नात्यातल्या एकाच्या ओळखीनं साखर कारखान्याच्या कंपोस्ट यार्डात पिशव्या पुरल्या. तिथं प्रेसमडच्या, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाच्या, लांब ढिगांवर मळीच्या डिस्टिलरीचं सांडपाणी मारतात, यंत्रानं उलटतात, ढिगात हात घातला तर चटका बसतो. दीड महिन्यानं खुणेच्या काठीपाशी खणलं तेव्हा सीलच्या जाड कडेचे दोन-तीन काळे धागे सापडले, बाकी नाही. त्याच दिवशी घरामागच्या कुंडीत पुरलेली पिशवी मात्र जवळजवळ अख्खी होती. तिथं ती ऊब नाही. म्हणून गिऱ्हाइकाला 'मातीत टाका, विरघळेल' असं सांगू नका.

१०. साठवण आणि विक्री

पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात पत्र्याखालचं गोदाम त्या आकड्याच्या फार लांब नसतं. वरच्या रांगेतले बॉक्स उघडले तर पिशव्या एकमेकींना चिकटलेल्या, सोलून काढाव्या लागतात. पत्र्याखाली छत करा, माल जमिनीलगत पण पॅलेटवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. बॉक्सवर उत्पादनाची तारीख मोठी लिहा आणि जुना आधी काढा. सहा महिने ते वर्षभरात पिशवी वापरात गेली पाहिजे. नंतर ती बॉक्समध्येच कमजोर होते.

पिशवीवर उत्पादकाचं नाव, 'कंपोस्टेबल' हा शब्द आणि केंद्रीय मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापा. क्रमांक कुणाला उसना देऊ नका. शेजारचा 'फक्त एकच लॉट' म्हणून मागतो, आणि त्याच्या पिशव्या पाण्यावर तरंगतात तेव्हा नोटीस तुमच्या नावानं येते.

पहिली गिऱ्हाइकं हॉटेलं, मंगल कार्यालयं आणि हाउसिंग सोसायट्या. ओला कचरा वेगळा द्यायची सक्ती त्यांच्यावर आहे, त्यांना पिशवी हवीच असते. गड्ड्याच्या जत्रेआधी, डिसेंबरात, स्टॉलवाल्यांची मागणी येते, पण उधारीवर. जत्रा उठली की स्टॉल सापडत नाहीत, म्हणून मी निम्मे पैसे आधी घेतो.